शाळेतल्या बादल्या

त्या खाटा मी मरेपर्यंत इसरत नाई. लोखंडी पायाच्या खाटा, वरतून निळं मेनकापड तानलेलं, अन् बरोबर ढुंगनाच्या जागी थाळीएवढं भोक. भोकाखाली एक बादली, उशाशी एक बादली. खालची हगाले, उशाची ओकाले. मानूस तिच्यावर निजवला का मंग त्याले उठाचं कामच नाई. पह्यल्या दिवशी आमी बाया शाळेच्या खिडकीतून पाहून राह्यलो होतो. मंजू म्हने, काकू, लय सोय केली व यायनं. मी तोंडाले पदर लावून म्हनलं, सोय केली बाई, पन या बादल्या कोन उचलन? मंजू हासली. मले काई हासू आलं नाई.

आमचं गाव मध्यप्रदेशातल्या बिरशाहून लय आतमंदी, जंगलाच्या कडेले. वरते पुनाराम पटलाचा टोला, म्हंजे वस्ती, खालते आमचा. मधात शाळा अन् शाळेच्या मांगून नाला. सावन अर्धा होऊन गेला होता, धानाचा रोवना जोरात होता, अन् त्यातच वरच्या टोल्यात हगवन-ओकारी सुटली. चार दिवसांत तीन मानसं गेली. त्यातली एक बाई तर पटलाच्या वावरात, बांधीत, माह्या बाजूले रोपायचे पऱ्हे लावता लावताच ओकली अन् चिखलात बसली. पटेल बांधीच्या कडेले धुऱ्यावर छत्री घेऊन उभा होता. तो म्हने, तिले बाहेर काढा अन् रोपायची वड, ही ओळ, पुरी करा. आमी तिले धुऱ्यावर निजवलं, तिची ओकारी पायानं चिखलात दाबली अन् पुन्हा वाकलो. पोटासाठी मानूस काय काय करते, याची मले आता आठवन आली तरी घिन येते.

मंग संस्था आली. दोन गाड्या, पांढऱ्या तंबूचं सामान, निळे जाकीट घातलेले पोरं. शाळेच्या दोन्ही खोल्या त्यायनं घेतल्या, एकीत दहा खाटा लावल्या. डॉक्टरीन अपूर्वा म्हनून होती, बालाघाटची, सरकारी नोकरीवाल्या मराठी घरची. तिचं मराठी पुस्तकातल्यासारखं, पन पोरगी कामाची होती. दोन दिवस झोपली नोहती, तरी हात हालत नोहता तिचा सुई लावताना. अन् एक राकेश होता, वारासिवनीचा. त्याच्याकडं मानसं लावाचं, सामान वाटाचं काम. गळ्यात पट्टा, हातात मोबाईल, अन् बोलनं असं का जसं गाव त्याच्या बापानं वसवलं.

साबन वाटलं तवाची गोष्ट. मले एक साबन देल्लं, फोटो काढला. पदर नीट घ्या म्हने, पुन्हा काढला. मंग तेच साबन माह्या हातातून घेऊन मंजूच्या हातात देल्लं अन् तिचा काढला. घरी येतानी आमच्या दोघींत एकच साबन.

तर बादल्यांचं. डॉक्टरीनबाईनं नेम सांगतला होता. बादलीत पावडर टाकाची, अर्धा घंटा थांबाचं, अन् शाळेसामनेच्या गड्ड्यात खाली कराची, वरून चुना. गड्डा मशीन लावून खोल खंदला होता, रोडच्या कडेले, राशन दुकानाच्या तोंडासमोर. म्हंजे तिथं जो बादली घेऊन जाईन त्याले सारं गाव पाहीन. वरच्या टोल्यातलं कोनी तयार नाई. संस्थेच्या पोरायले फक्त जाकीट घालता येत होतं. मंग राकेश सरळ आमच्या टोल्यात आला, बुद्धविहाराच्या ओट्यावर बसला अन् म्हने, चार आदमी दे दो.

“काहून आमच्यातलेच?” मी इचारलं.

“अरे अम्मा, ये काम तो तुम लोग पहले से करते आए हो.”

तो हे रागानं नाई म्हनला, हासत म्हनला. म्हनूनच लागलं. माह्या पोराचा, धम्मपालचा बाप, म्हंजे माहा मालक, बाजूलेच उभा होता. लोक त्याइले हिरालाल म्हनतात, मी बत्तीस वर्षांत त्याइचं नाव तोंडातून काढलं नाई. ते असे पेटले का चार जनायनं धरलं. माह्या सासऱ्यानं नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर मेलेलं ढोर ओढाचा दोर याच ओट्यासमोर जाळला होता. पटलायनं दोन वर्षं काम देल्लं नाई, टोल्यानं मोहफूल अन् जंगलातले कंद खाऊन दिवस काढले, पन ढोराले हात लावला नाई. ही गोष्ट आमच्या टोल्यातलं तान्हं लेकरू बी सांगते. ते राकेशले म्हनले, “दुसऱ्याची घान उचलनं आमच्या बापानं दोरासोबत जाळलं. मी जिता हाय तोवर या टोल्यातला मानूस त्या बादलीले हात लावनार नाई.” बायायनं टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या. छाती फुगली होती माही.

दोन दिवसानं बादल्या खाली होऊन राह्यल्या असं कानावर आलं. राकेश सांगे, बिरशाहून आदमी लावला, पहाटेच येऊन जाते. आमी म्हनलं, चला, बला टळली.

इकडं आमच्या इहिरीत त्यायनं पावडर टाकली. ती इहीर आमच्याच लोकायनं खंदलेली, पटलाच्या टोल्यात पानी भरू देत नोहते त्या काळातली. पानी कसं गोड होतं. आता तोंडाजवळ नेलं का नाकात झनझन. डाळ शिजेना, भाताले वास, चहा पेववेना. पिंकी, माही सून, सातव्या महिन्यात होती. तिले तर वासानंच उमासे येत. मंग मंजूनं सांगतलं का नाल्यातला झिरिया मोकळा करू. झिरिया म्हंजे नाल्याच्या काठच्या रेतीत खंदलेला हातभर खड्डा, त्यात पाझरून पानी येते, नितळ, थंडगार. आमच्या सासवा उन्हाळाभर तेच पेत. पावसाळ्यात कोनी तिकडं जात नाई, पन इहिरीच्या वासापायी साऱ्या टोल्याच्या बाया पान्याचे गुंड घेऊन तिथंच. मी दगडायची गोल पाळ लावली, वरून फडकं बांधलं. डॉक्टरीनबाईले आमी कोनी सांगतलं नाई. ती रागावली असती.

एकटे धम्मपालचे बाबू इहिरीचं पेत. आमी चिडवलं, तुमची जीभ मेली का काय म्हनून. ते काई बोलत नसत. पिंकीले दोनदा म्हनले, पोरी, इहिरीचंच पी, पावडरीनं काई होत नाई. ती म्हने, मामाजी, मले मळमळते. ते उठून आंगनात गेले. मले वाटलं, सुनेची काळजी हाय बिचाऱ्याले.

दुसरं बी एक होतं. रोज झुंजुरकं, उजाडाच्या आधी, ते बांधीचा धुरा पाहाले म्हनून जात. पान्याचा जोर हाय, धुरा फुटते, म्हनत. आल्यावर नाल्याच्या वरच्या अंगाले आंघोळ करून येत, अन् साबनाचा वास येई. अन् एक दिवस जेवता जेवता म्हनले का संस्थेले एक ड्रायव्हर पाह्यजे हाय, धम्मपालचं लायसन हाय, बोलनं झालं हाय. आमचा धम्मपाल हैदराबादेले इमारतीच्या कामावर. पिंकीले सातवा लागला तरी ठेकेदार सोडत नोहता. पोरगं घरी येईन या खुशीत मी पुढं काई इचारलंच नाई.

मंग आमच्या टोल्यात लागलं. पह्यले एक म्हातारा, मंग मंजूची पोरगी मयुरी, मंग तीन घरं एकदम. डॉक्टरीनबाई आमच्याकडं आली, माथ्याले हात लावून बसली. म्हने, तुमच्या विहिरीत तर औषध टाकलंय, मग इथे कसं पसरतंय? तुम्ही विहिरीचंच पाणी पिता ना? मी तिच्या डोयात पाहून म्हनलं, “हौ बाई, इहिरीचंच.” एवढं सोपं खोटं मी जिंदगीत बोलली नोहती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंकी पडली. पह्यले दोनदा गेली, मंग मोजनंच सोडून देल्लं. तांदळाच्या धोवनासारखं पानी, नुसतं पानी. संध्याकाळलोक तिचे डोये आत गेले, बोटं सुरकुतली, पिंडऱ्यायले गोळे येऊन ती ओरडे. पोट तेवढं तसंच वर. आमी तिले बाजेवर टाकून शाळेत नेलं. राकेश दारात होता. डाव्या अंगाले घ्या म्हने, तुमच्या लोकायच्या खाटा तिकडं. पाहतो तं काय, खोलीच्या मधात दोरी बांधून त्यावर हिरवी साडी टाकलेली. साडीच्या त्या अंगाले पटलाच्या टोल्याचे पाच, या अंगाले आमचे. पटलाची बायको बरोबर साडीपलीकडं होती, तिच्या ओकारीचे शिंतोडे साडीखालून आमच्या अंगाले येत. वास एकच, माशा त्याच, इकडून उडाल्या का तिकडं बसत. मले वाटलं, ओढून फेकावी ती साडी. पन पिंकीच्या हातात सुई लागत होती, मी चूप राह्यली.

डॉक्टरीनबाईनं दोन्ही हाताले बाटल्या लावल्या. पोटाले नळी लावून आयकलं. मी इचारलं, लेकरू? ती म्हने, ठोके आहेत, पण आज रात्री आईच्या अंगात पाणी टिकलं नाही, तर दोघांचंही सांगता येणार नाही. एवढं बोलून ती दुसऱ्या खाटेकडं गेली.

रात्रभर मी पिंकीच्या तोंडात चमच्यानं मीठ-साखरेचं पानी घालत बसली. खाली बादलीत थेंब पडे, धार पडे, थेंब पडे. बादली भरत आली. तुमाले खरं सांगतो, ती बादली माह्या सुनेची होती, तरी मी उचलली नाई. मनात होतं का एकदा या हातानं एक उचलली का राकेश दहाच्या दहा उचलाले लावन. पदर नाकाले लावला अन् बसून राह्यली. बिरशाचा आदमी येईन पहाटे, म्हनलं.

झुंजुरकं तो आला. मांगच्या दारानं. डोक्याले, तोंडाले गमछा असा बांधलेला का डोये तेवढे दिसत. मान वर न करता त्यानं दोन दोन बादल्या उचलल्या अन् गेला. पिंकीच्या खाटेपाशी आला तवा हात थोडा थांबला. मंग तिची बी घेतली. मी त्याचे पाय पाह्यले. डाव्या पायाचा अंगठा नागराच्या फाळानं चपटा झालेला, नख नसलेला. बत्तीस वर्षं त्या पायायले मी गरम तेल लावलं हाय.

मी उठली अन् मांगं गेली. तो सामनेच्या गड्ड्याकडं गेलाच नाई. शाळेच्या भितीमांगं बेशरमच्या झाडीत घुसला. तिथून पायवाट नाल्यावर जाते. काठावर उभा राहून त्यानं बादल्या पालथ्या केल्या. पांढरं पानी खळखळत नाल्यात गेलं. अन् तिथून खाली, पन्नास पावलांवर, माह्याच हातानं रचलेली दगडायची पाळ अन् तिच्यावर बांधलेलं फडकं. त्या झिरियाच्या काठानंच तो नाला जाते.

मी तिथंच झाडीत ओकली. हगवनीची नोहती ती ओकारी. माहा आवाज आयकून तो वळला. बादल्या हातातच.

“धुरा पाहाले गेलते ना?” मी म्हनलं.

त्यानं गमछा खाली केला. तोंड वेडंवाकडं झालं होतं. सांगाले लागला का धम्मपालसाठी केलं, राकेशनं जबान देल्ली होती, लेकरू होयाच्या आधी पोरगं घरी आलं असतं. मी इचारलं, गड्ड्यात काहून नाई टाकलं? म्हने, तिथं सारे पाह्यतात. ओट्यावर एवढं बोललो होतो, कोन्या तोंडानं रोडवरून जाऊ? वाटलं पान्याले जोर हाय, वाहून जाईन.

“अन् झिरिया?”

“मी पिंकीले दोनदा सांगतलं ना, इहिरीचं पी म्हून.”

“सांगतलं. काहून पी, ते नाई सांगतलं.”

तुमाले सांगतो, राकेशची घिन आली होती, पटलाची आली होती, त्या भोकाच्या खाटांची आली होती. पन या मानसाची, ज्याच्या ताटात मी रोज वाढतो, त्याची जी आली तशी कोनाची आली नाई. त्याले ठाऊक होतं. आमाले चिडवू देल्लं, इहिरीचं पेत राह्यला, अन् चूप. ओट्यावरच्या तेवढ्या चार शब्दांपायी चूप. अन् मी बी काय कमी? डॉक्टरीनबाईले हौ बाई म्हननारी मीच.

खाली मंजू आली. डोक्यावर गुंड, काखेत एक गुंड. तिची मयुरी आत खाटेवर होती, तिच्यासाठीच पानी न्याले आली होती. तिनं फडकं बाजूले केलं अन् झिरियात लोटा बुडवला.

“मंजू, थांब,” मी वरून म्हनलं.

तिनं वर पाह्यलं. मी दिसली, बाजूले तो दिसला, त्याच्या हातातल्या बादल्या दिसल्या. तिले समजलं नाई. म्हने, काहून व काकू?

मी त्याच्याकडं वळली. “हिरालाल,” मी म्हनलं, “सांग तिले.”

नाव आयकून मंजूच दचकली. त्यानं बादल्या खाली ठेवल्या अन् माह्याकडं पाह्यलं. मी काई त्याच्या वतीनं बोलली नाई. बत्तीस वर्षं बोलली होती, पटलासमोर, सावकारासमोर, पोरासमोर. आज नाई.

“पेऊ नको, मंजू,” तो म्हनला. “मी या नाल्यात बादल्या खाली केल्या. पाच दिवस झाले.”

मंजूनं लोटा सोडून देल्ला. ती ओरडली नाई. चिखलात बसली, घशात दोन बोटं घातली अन् ओकाले लागली. पोटात काई नोहतं, तरी ओके. मंग उठून तशीच टोल्याकडं पळाली, एकेका दारात सांगत का झिरियाचं पानी फेका.

मी शाळेत जाऊन डॉक्टरीनबाईले माहं खोटं सांगतलं. तिनं मले शिवी द्याले पाह्यजे होती. तिनं कितीक घरं पेतात तेवढं इचारलं, खुर्चीवर बसली, तळहातानं डोये दाबले, अन् मंग झिरियात काटे टाकून तो बुजवाले मानसं पाठवली. राकेश मात्र लागला मोठ्यानं बोलाले. त्यानं गड्ड्यातच टाकाले सांगतलं होतं म्हने, संस्थेची काय गलती, गावचे लोकच असे. पह्यले बिरशाचा आदमी म्हनत होता, आता हिरालालचं नाव त्याले बरोबर आठवलं. मी त्याच्या जाकिटावर थुंकली. निळ्या कपड्यावर चांगलं दिसत होतं. त्याचा फोटो कोनी काढला नाई.

तवर खाटांखालच्या बादल्या पुन्हा अर्ध्या झाल्या होत्या. धम्मपालचा बाप दारात उभा होता, गमछा हातात. मी तो गमछा घेतला अन् माह्या खांद्यावर टाकला.

“आता उचल. सामनेच्या रोडनं ने. तोंड उघडं ठेवून.”

त्यानं पह्यली पिंकीची उचलली. मंग मयुरीची. डॉक्टरीनबाईनं पावडर टाकली, अर्धा घंटा गेला, अन् तो निंघाला. राशन दुकानासमोर लाईन होती. आमचा टोला होता, वरचा टोला होता, ज्यायनं ओट्यावर टाळ्या वाजवल्या ते सारे होते. लोक बाजूले सरले. मी त्याच्या मांगं मांगं चालली, हातात चुन्याचं घमेलं घेऊन. लाज वाटत होती का? हौ, लय वाटत होती. पन लाजेनं कोनी मरत नाई एवढं मले रात्रभरात समजलं होतं.

आमच्या अंगाच्या पाचही झाल्या. मंग तो साडीच्या पलीकडं गेला अन् पटलाच्या बायकोच्या बादलीले वाकला. सवयच लागली होती त्याले.

“ती राहू दे,” मी म्हनलं.

पुनाराम पटेल स्टुलावर बसला होता, नाकाले कापूर लावून. मी त्याले म्हनलं, पटेल, ही तुमच्या घरची हाय. त्यानं राकेशकडं पाह्यलं. राकेश मोबाईलमंदी पाहून राह्यला होता. डॉक्टरीनबाई तिकडून म्हने, ज्यांची त्यांनी उचला, पण उचला, इथे ठेवू नका. बादली तशीच राह्यली. दुपारलोक तिच्यावर माशांचा थर बसला. पटलीनबाई बिचारी खाटेवरून ते आयकत होती, डोये मिटून. तिची मले दया आली, पन हात नाई लावला. शेवटी पटलाचा मोठा पोरगा आला, तोंडाले दुपट्टा गुंडाळून, हात लांब ताठ करून बादली घेऊन गेला. रोडवर दोनदा उसळली, त्याच्या बुटावर गेलं.

तिसऱ्या पहरी पिंकीनं डोये उघडले. डॉक्टरीनबाईनं पुन्हा नळी लावली, लय वेळ आयकलं, अन् मान हालवली. आहेत म्हने, दोघंही आहेत. मी भितीले टेकून तशीच खाली बसली.

पिंकीनं पानी मांगतलं. मी इहिरीचं आनलं होतं. पह्यल्या घोटाले तिनं तोंड वाकडं केलं, वास येते म्हने. मी म्हनलं, येऊ दे, पी. ती पेली.

मंग तिनं खाटेखाली हात घालून चाचपलं. बादली नोहती. इकडंतिकडं पाह्यलं.

“मामाजी दिसत नाई व आत्या?”

“बादली खाली कराले गेला.”

ती माह्या तोंडाकडं पाहात राह्यली. ओट्यावरचं बोलनं तिनं बी आयकलं होतं, टाळ्या तिनं बी वाजवल्या होत्या.

“कोनाची?”

“आपली,” मी म्हनलं, अन् पान्याचा लोटा पुन्हा तिच्या तोंडाले लावला.